अंताजीच्या नावाची वाटी

बातमीच्या आधी वाटी आली. शिरूरच्या कोर्टातला शिपाई सकाळी दाराशी उभा राहिला आणि फडक्यात गुंडाळलेली कल्हईची वाटी माझ्या हाती देत म्हणाला, "उस्मानभाईंनी सांगून ठेवलं व्हतं, शास्त्रीबुवा... मी गेलो की ही तुमच्याकडं पोचवायची." ‘मी गेलो की’ या शब्दांचा अर्थ ध्यानी येण्यास मला काही क्षण लागले. आज पाच आठवडे लोटले. वाटी माझ्या खिडकीत आहे, आणि ती तेथे का आहे हे सांगितल्यावाचून उस्मानभाईंविषयी लिहिता येणार नाही.

कोर्टाच्या दफ्तरखान्यात त्यांची हयात गेली. मोडी त्यांना वडिलांनी शिकवली होती. जुने मृत्युपत्र ते कधीही मनात वाचीत नसत. "माणसानं मरताना तोंडानं सांगितलेलं हाय, ते मुक्यानं कसं वाचायचं?" असे म्हणून ते ताठ बसत, घशाला कोरड पडते म्हणून पाण्याची वाटी शेजारी ठेवीत आणि मोठ्याने वाचीत. मी नैवेद्याचे काही घेऊन गेलो की उजवा तळवा पुढे येई. मी मुद्दाम आधी शिपायाला दिले की चष्म्यावरून पाहत ते म्हणत, "आन् मला?" ही थट्टा नंतरची. ते शब्द मुळात आम्ही फार निराळ्या प्रसंगी ऐकले होते.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या सुमारास, पितृपक्षाला महिनाभर अवकाश असताना, दौंडच्या रेल्वेत पॉइंट्समन असलेला गेनबा माझ्याकडे आला. त्याचे घराणे मूळचे भीमेकाठच्या वडगाव रासाईचे. पणजा अकाली वारला, पणजी तान्ह्या धोंडीला घेऊन दौंडला गेली आणि गावाशी संबंध तुटला. पणज्याचे नावही कोणास ठाऊक नव्हते. घरात उरला होता तो मोडी कागदाचा एक फाटका तुकडा. गेनबाच्या वडिलांनी, आबांनी, तो तीस वर्षांपूर्वी मला दाखविला होता. माझी मोडी बेताचीच. तळाशी वेलबुट्टीसारखी आकृती आणि तिच्याखाली ‘अंताजी’ एवढे स्पष्ट लागले. "हेच तुमच्या आजोबांचे नाव," असे मी सांगून टाकले, आणि तेव्हापासून त्या घरातून दर वर्षी अंताजीला पाणी जात होते.

गेनबा ओसरीवर बसला. म्हणाला, "आबा जायच्या आधी सारखं एकच सपान सांगायचे. पाणी सोडताना म्होरं एक जण बसलेला असतो, त्यो पितो. त्याच्या मागं आणिक एक उभा असतो, शेतकरी गडी. ओंजळ धरून. पण कोरडी. आन् त्यो नुसतं म्हणतो... ‘आन् मला?’ आबा गेले, शास्त्रीबुवा. आता त्योच माज्या सपनात येतो." नाव अज्ञात असल्यास काय म्हणावे याची शास्त्रात सोय आहे. परंतु चुकीचे नाव सांगणाऱ्या ब्राह्मणाची सोय मला कोठे आढळली नव्हती.

मी त्याला उस्मानभाईंकडे नेले; स्वप्न त्याने त्यांनाही सांगितले. त्यांनी तुकडा उजेडात धरला. "शास्त्रीबुवा, ही वेलबुट्टी न्हाई. नांगर हाय. कुणब्याला लिहिता येत नसलं की तो सहीच्या जागी नांगर काढायचा. नांगराशेजारचं नाव फाटून गेलंय. खालचा अंताजी म्हंजी कागद लिहिणारा." मी मान खाली घातली. "तीस वर्षं तुम्ही लेखनिकाला जेवू घातलंत," ते म्हणाले, पण हसले नाहीत. "ही नक्कल हाय. मूळ हितंच असणार."

चार शनिवार आम्ही वडगाव रासाईच्या दाव्यांचे रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडीत होतो. चौथ्या शनिवारी दुपारी तोच नांगर एका अखंड कागदावर सापडला. गेनबाला बोलावणे धाडले. उस्मानभाईंनी वाटी काठोकाठ भरून समोर ठेवली आणि वाचावयास आरंभ केला. सुभानजी नामे शेतकरी, शरीर थकले आहे, अक्कलहुशारीने लिहून ठेवतो ऐसे की... जमिनीचे तुकडे, विहिरीतला हिस्सा. मग मजकूर मध्येच तुटला होता. लिहिणाऱ्याने तेथे लिहिले होते : ‘येथे पाणी मागितले. अंताजीने उठून पाजिले.’ उस्मानभाई थांबले... दफ्तरखान्यात वारा नव्हता, तरी सुटलेल्या रुमालाचे टोक हलल्याचे मला स्मरते. ते पुढे वाचू लागले, पण आवाज खोल गेला होता. ‘मूल धोंडी तान्हे आहे. जाणते होईल तेव्हा माझे नाव त्यास सांगावे. दुसरे मागणे नाही.’

गेनबा रडत होता. उस्मानभाईंनी पाण्यासाठी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. वाटी कोरडी होती. "मी प्यालो का?" त्यांनी विचारले. गेनबा हलक्या आवाजात म्हणाला, "न्हाई, भाई. तुम्ही हातबी लावला न्हाई."

त्या पितृपक्षात भीमेच्या पात्रात उभे राहून गेनबाने सुभानजीचे नाव घेतले, आणि ते स्वप्न पुन्हा पडले नाही. अंताजीचे नाव आता गाळावे, असा निर्णय मी दिला. ते ऐकून उस्मानभाई संतापले. "तीस वर्षं पंगतीला बसवलेल्या माणसाला उठवता व्हय? शेवटचं पाणी त्यानंच पाजलं ना?" नंतर कित्येक महिने ते अंताजीच्या वारसाचा माग काढीत राहिले. पुष्कळ मृत्युपत्रांच्या तळाशी त्याचे नाव होते. स्वतःचे मृत्युपत्र नव्हते, मूलबाळही कोठे नोंदलेले नव्हते. "जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहिली बिचाऱ्यानं," ते म्हणाले. "त्याचं घेणारा कुणी न्हाई. माझ्यामागं तरी कोण हाय?" त्या दिवसापासून सायंकाळी घरी निघताना ते वाटी भरून दफ्तरखान्याच्या खिडकीत ठेवू लागले. पाखरांना पाणी ठेवून त्याचे पुण्य मेलेल्याच्या नावे करण्याची रीत त्यांच्या धर्मातही आहे, असे ते सांगत. सकाळी वाटी रिकामी असे. पाखरेच पीत असतील, असे मीही म्हणे. मात्र त्या खिडकीला बारीक जाळी होती आणि वाटी जाळीच्या आत असे, हे आम्ही दोघेही कधी बोललो नाही.

शिपाई वाटी देऊन गेला त्या सायंकाळी मी संध्या आटोपली, वाटी धुऊन भरली, खिडकीत ठेवली आणि अंताजीचे नाव घेतले. माझे कर्तव्य झाले, असे समजून मी वळलो... दोन पावले गेलो असेन. पाठीमागून, अगदी ओळखीच्या, किंचित थट्टेच्या स्वरात शब्द आले : "आन् मला?"

मी मागे पाहिले नाही. जेथे होतो तेथेच हात जोडून दुसरे नाव घेतले. तेव्हापासून रोज दोन नावे घेतो. सकाळी वाटी उचलताना डोळे मिटून घेतो; हाताला ती हलकी लागते.