तिचा चेहरा, माझा हात

८ नोव्हेंबर. पितळी दिवा चिंच लावून घासला. आता माळ्यावर टाकायचा. दिवा माझाच, पण गेली दोन वर्षं तो रोज माझ्याकडून लावून घेतला दुसऱ्याच बाईने.

"ते मले नका शिकवू, बाई." हे तिचं पालुपद. मी शाळेत गणित शिकवते आणि ती अमरावतीत आमच्या कोपऱ्यावर भाजी विकायची, म्हणून मला ऐकवायला तिला विशेष आवडायचं. वांगं दाबून पाहिलं की, "दाबता कावून? वांगं हाय, पोराचा गाल नाही!" वर कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत फेकायची, शिवी हासडल्यासारख्या. अशी एखादी तुमच्याही कोपऱ्यावर असेलच.

माझ्या भाच्याने युद्धाच्या काळातली वीस मिनिटांची फिल्म काढायला घेतली. लढाईवर गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई, एवढीच गोष्ट. नाटकात काम करणाऱ्या बायका त्याला पटेनात. एका सकाळी तो माझ्यासोबत भाजीला आला, मेथीच्या जुडीवरून हिच्याशी भांडला, हरला, आणि तिथेच ठरवून टाकलं की आई हीच.

हिचा एकुलता एक मुलगा खरोखरच फौजेत होता, सीमेवर. भाच्याला वाटलं, आयतीच खरी आई मिळाली. अडचणही नेमकी तीच होती, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

शूटिंग अकोल्याजवळच्या एका मळ्यात होतं. 'ॲक्शन' म्हटलं तरी हातातली भाजी निवडून झाल्याशिवाय ही वर बघत नसे. दारात उभी राहून वाट पाहा म्हटलं, तर म्हणाली, "अन् सैपाक कोन करीन?" भाकरी थापता थापता मध्येच हात थांबवून तिने दाराकडे कान दिला, तेव्हा मात्र भाचा 'कट' म्हणायचं विसरला.

फिल्मच्या शेवटी मुलगा गेल्याची बातमी येते आणि आई मुलासाठी लावलेला दिवा विझवते. हिने साफ नकार दिला.

"रडतो, पडतो, म्हनान तं छाती पिटतो. दिवा नाही इझवत."

"मावशी, हे खोटं खोटं आहे," भाचा म्हणाला.

"हो ना. देवाले मालूम हाय का ते?"

उजेड चालला होता. मी म्हटलं, विझवताना नुसता हात दाखवा, माझा घ्या. मला एकच मुलगी, ती बँकेत. मनगटावरचं घड्याळ काढलं, हिच्या बांगड्या चढवल्या आणि वात चिमटीत दाबली. अंधार झाला. भाचा 'कट' म्हणायच्या आत काडी ओढल्याचा आवाज आला. हिने कनवटीला काडेपेटी खोचून ठेवली होती.

भाच्याने तो आवाज तसाच ठेवला. अकोल्याच्या लघुपट महोत्सवात परीक्षक म्हणाले, अंधारातली ती काडी म्हणजे आशेचं प्रतीक. हिला अभिनयाचं बक्षीस मिळालं. ही माझ्या कानात कुजबुजली, म्हणजे तीन रांगांना ऐकू जाईल अशी, "तुमचा हात पाहा. घड्याळीचा पांढरा पट्टा दिसून राहिला!"

परतीच्या एसटीत हुकूम सुटला. "तुमी इझवला, आता तुमीच लावा. पोरगा घरी येईपर्यंत."

"माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"विश्वास ठेवा म्हनलं का मी? तेल टाका म्हनलं."

मग रोज सकाळी भाजी तोलताना पहिला प्रश्न, "काल लावला?" सीमेवर गोळीबाराची बातमी असली की त्या दिवशी ती विचारायची नाही. तराजूकडे बघत राहायची. मीच म्हणायचे, "लावला." मग कोथिंबीर पिशवीत पडायची, जरा जास्तच.

मागच्या महिन्यात मुलगा पेन्शन घेऊन आला. अकोल्यात त्याला नोकरी लागली आणि तो आईला घेऊन गेला. कोपऱ्यावर आता दुसरी बाई बसते. वांगी कितीही दाबा, काही म्हणत नाही.

दिवा पुसत होते, तेवढ्यात हिचा फोन.

"बाई, भाच्याले सांगा, तो शेवट पुन्हा घे म्हना. पोरगा घरी हाय आता, मीच इझवतो. तुमच्या हातानं माह्या पिक्चरचा सत्यानाश केला."

"अहो, फिल्म संपून दोन वर्षं झाली."

"ते मले नका शिकवू."

९ नोव्हेंबर. सकाळी दिवा माळ्यावर न टाकता पिशवीत घातला, भाच्याला अंथरुणातून उठवलं आणि अकोल्याची एसटी पकडली. सोबत काडेपेटी घेतली. विझवते म्हणते खरी, पण तिचा काही भरवसा नाही.