भय्यासाहेबांची दोनशे ग्रॅमची वाटी

भय्यासाहेब माझा धाकटा भाऊ. आयुष्यभर नापतौल खात्यात होता. उज्जैनच्या दुकानांमधले तराजू तपासण्यात हयात गेली, त्यामुळे काट्यावर न चढलेल्या कुठल्याही वस्तूवर त्याचा विश्वास नाही. भाजीवाल्याने मूठभर कोथिंबीर वरून दिली तरी हा विचारणार, "मूठ म्हणजे किती?" त्याच्याबरोबर बाजारात जाणं मी केव्हाच सोडलं.

त्याची बायको कल्पना वाटीने मोजणारी. फ्रीगंजातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळात चकली दरवर्षी तिचीच. यंदा कार्तिकस्नानाला रामघाटावर गेली, पायरीवर घसरली आणि उजवं मनगट मोडून घेतलं. मंडळाच्या रजनीचा लगेच फोन. "काकू, तुम्ही आराम करा. चकली या वेळी देवास गेटच्या दुकानातून मागवू."

कल्पना "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. एकदा चकली दुकानाकडे गेली की आपल्याकडे परत येत नाही, हे तिला कळत होतं. भय्यासाहेबालाही कळलं, एवढं त्याच्या बाजूने लिहिते. त्याने रजनीला उलटा फोन लावला. "चकली आमच्याच घरून येईल. मी करून राहिलो."

इथून आमचा छळ सुरू झाला.

कल्पना प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून सांगत होती, चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक उडीद, अर्धी मूग, एक वाटी पोहे.

"वाटी हे काय माप आहे? ग्रॅम सांग."

तिला ग्रॅम ठाऊक नव्हते. मग याने तिची वाटी तांदळाने भरली, काट्यावर ठेवली. दोनशे ग्रॅम. "झालं! एक वाटी म्हणजे दोनशे ग्रॅम. पक्का हिसाब." वाटी फडताळात गेली. सगळं सामान त्याच हिशेबाने तोललं, भाजलं, चक्कीवरून दळूनही आणलं.

पहिली चकली तेलात पडली आणि विरघळली. दुसरी फुटली. तिसरी निघाली, पण तेल पिऊन बोळा झालेली.

कल्पनाने पिठाची चिमूट जिभेवर ठेवली. "पोहे किती घातलेत?"

"तू सांगितलेस तेवढेच. एक वाटी. दोनशे ग्रॅम."

"अहो, दोनशे ग्रॅम पोहे म्हणजे पातेलंभर!"

"वाटी तीच आहे ना?"

मला राहवेना. "अरे, वाटीभर कापूस आणि वाटीभर खिळे यांचं वजन एकच येईल का? जन्मभर काटे तपासलेस ना? तांदूळ, डाळी भरीव. पोहे हलके."

"अक्का, तू बीचमध्ये बोलू नको." पण गेला, पोह्यांची वाटी भरून काट्यावर ठेवली. पासष्ट. काटा पुसला, परत ठेवली. पासष्टच.

दळलेल्या पिठातून पोहे वेचून काढता येत नाहीत. मी म्हटलं, फेक आणि नवं कर. कल्पना म्हणाली, फेकायचं नाही, पोहे तिप्पट पडलेत तर बाकीचंही तिप्पट करा. म्हणजे पुन्हा तांदूळ, पुन्हा डाळी, पुन्हा चक्की. घरातला सगळ्यात मोठा डबा भरून भाजणी झाली. सोऱ्या तो फिरवत होता, तळणाशी मी. कल्पना खुर्चीतून दोघांना ओरडत होती. "जाड पडून राहिल्यात! आच कमी करा!" शेवटी एक चकली मोडून तिने खाल्ली आणि म्हणाली, "पाठवा."

मंडळात डब्यांवर डबे उतरताना पाहून रजनी घाबरलीच. पण सगळं संपलं. जाताना ती म्हणाली, "काकू, पुढच्या वर्षीही तुमचीच हं. आणि एवढीच."

कल्पनाचा चेहरा फुलला. भय्यासाहेब लगेच म्हणाला, "देऊ की. आता मला हिसाब जमलाय."

झारा चालवून माझा खांदा अजून दुखतोय.