शेगडी पक्षाचे मास्तर

शेगडी मास्तरांशी भांडण काढायचं, तर आधी त्यांचीच बाजू आपल्या तोंडानं मांडून दाखवावी लागे. ती मांडत असताना ते हनुवटी छातीला टेकवून ऐकत. मनासारखी मांडून झाली की त्यांची मान एकदाच खाली-वर होई, आणि मग ते म्हणत, "हां, आता बोला तुमचं." तोवर भांडायला आलेल्या माणसाचा निम्मा राग निवलेला असे आणि उरलेला निम्मा कशाबद्दल होता हे त्याला आठवावं लागे. आळंदच्या शाळेत मी त्यांच्यासोबत सहा वर्षं काढली. त्यात माझी निदान चार चांगली भांडणं अशी वाया गेली.

त्यांचं खरं नाव शिवप्पा. आई कानडी बोलणारी, बायको उमरग्याची म्हणून मराठी, आणि स्वतःचं सगळं शिक्षण निजामाच्या काळातलं, म्हणजे उर्दूत. हिशेब ते उर्दूत करत, देवाला कानडीत हाक मारत आणि चिडले की मराठीत बोलत. चिडत फार कमी, त्यामुळे मराठी शाळेतच जास्त ऐकू येई. डोक्यावर काळी टोपी, अंगात गुडघ्यापर्यंत येणारा बंद गळ्याचा कोट, आणि त्या कोटाच्या खिशात भाजलेल्या शेंगा. कुणी तावातावानं बोलायला लागलं की ते त्याच्या हातावर चार शेंगा ठेवत. तोंडात शेंग असलेल्या माणसाला ओरडता येत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

मी उदगीरहून तिथं गेलो तेव्हा पोलीस ॲक्शनला दोन वर्षं झाली होती. शाळेतली उर्दू जाऊन मराठी आणि कानडी वर्ग आले होते. इमारत एकच. उगवतीच्या तीन खोल्या मराठी, मावळतीच्या तीन कानडी, मधे अंगण आणि अंगणात लिंबाचं झाड. मी मराठीचा मास्तर होतो. शिवप्पा मास्तर मात्र दोन्हीकडचे. सकाळी कानडीत भूगोल शिकवून ते दुपारी मराठीत नागरिकशास्त्र घेत, आणि मधल्या सुट्टीत लिंबाखाली बसून दोन्हीकडच्या पोरांच्या तक्रारी ऐकत.

मग देशात पहिली निवडणूक आली. पोरांना मतदान शिकवा, पण वर्गात कुठल्याही पक्षाचं नाव काढू नका, असं वरून लेखी आलं. मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. "मिठाचं नाव न काढता वरण करा म्हणायलेत," ते म्हणाले आणि कामाला लागले. शाळेत युरोपचा एक जुना उर्दू नकाशा होता. त्याला वर उत्तरेकडे, जिथं नुसता बर्फ असतो तिथं, कसरीनं भोक पाडलं होतं. मास्तरांनी त्या भोकाला नाव दिलं वेल्मार्क, आणि तिथं एक देश वसवला.

वेल्मार्कमध्ये आठ महिने बर्फ. लोक मासे खाणारे, भांडखोर, पण पत्र वेळेवर टाकणारे. तिथं तीन पक्ष. एक गढी पक्ष, त्याचं म्हणणं जे आहे ते तसंच ठेवा. दुसरा कुऱ्हाड पक्ष, त्याचं म्हणणं सगळं तोडून नवं करा. आणि तिसरा मधला, त्याची निशाणी शेगडी. "शेगडीच्या लई जवळ गेलं की भाजतंय, लई लांब बसलं की काकडतंय," मास्तर पोरांना सांगत. "म्हणून ह्या पक्षाची माणसं आधी बसायची जागा बघतेत, मग बोलतेत." त्या देशाच्या सभागृहात एक नियम होता, तो याच पक्षानं आणलेला: विरोध करायचा तर आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि त्याची मान डोलली तरच स्वतःचं बोलायचं.

तीन डब्यांवर तीन निशाण्या चिकटवून, तुरीचा एकेक दाणा टाकून वर्गात मतदान होई. शेगडीच्या डब्यात नेहमी सगळ्यात कमी दाणे. एकदा मी चेष्टेनं विचारलं, "मास्तर, तुमचा पक्ष कधी निवडून येणार?" ते म्हणाले, "न्हाई येणार. हात शेकायला समदे येतेत, राख काढायला कोण थांबत न्हाई." पण वेल्मार्कमध्ये शेगडीशिवाय कुणाचंच सरकार बनत नसे, हेही खरं. तेव्हापासून गावानं त्यांचं नाव शेगडी मास्तर ठेवलं. त्यांना ते आवडलं असावं, कारण एरवी ते नाव ठेवणाऱ्याला सोडत नसत.

एकदा तपासणीस आले. त्यांनी पाचवीतल्या शांताला उठवून थंड प्रदेशातला एक देश विचारला. शांता ताडकन म्हणाली, "वेल्मार्क." आणि तिनं नकाशातल्या भोकात बोट घालून दाखवलं. तपासणीस थबकले. आपल्याला देश माहीत नाही हे पोरीपुढं कबूल करण्यापेक्षा त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचा प्रश्न विचारला, तिथं काय पिकतं. "भांडणं," शांता म्हणाली. शेऱ्यात त्यांनी भूगोल समाधानकारक असल्याचं लिहिलं. मास्तर तीन दिवस खाली मान घालून हसत होते.

इथवर सगळं हसण्यावारी जात होतं. मग हैदराबाद राज्य मोडून भाषावार राज्यं करायची बोलणी सुरू झाली आणि गावाचे दोन भाग पडले. आळंद मैसूर राज्यात जाणार की मुंबई राज्यात, यावरून चहाच्या हॉटेलातली बाकंसुद्धा वाटली गेली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, आणि मराठी म्हटलं की माझं रक्त तापे. बाजारात मराठीच्या बाजूची सभा ठरली, त्यात माझं भाषण होतं. मी ते मोठ्या हौसेनं मास्तरांना वाचून दाखवायला गेलो.

त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "कानड्यांचं म्हणणं काय हाय, ते सांगा की आधी."

"मास्तर, हे वेल्मार्क नाही."

"म्हणूनच म्हणायलोय. तिथं चुकलं तर फडक्यानं फळा पुसता येतोय."

मी शेंगा घेतल्या नाहीत. सभेत तावातावानं बोललो. शेवटी म्हणालो, "या गावात कानडी ही घरातली भाषा आहे, चावडीवरची नाही. घरातली वस्तू घरात शोभते." टाळ्यांनी बाजार दणाणला. त्या टाळ्या मला पुढं फार महाग पडल्या.

आळंद मैसुरात जाणार हे नक्की झालं, तेव्हा शाळा कमिटीची बैठक लिंबाखाली बसली. कमिटीचा मुख्य बसण्णा. तुरीचा अडत्या, कानडी बाजूचा पुढारी, आणि उर्दूच्या जमान्यातला मास्तरांचा विद्यार्थी. मराठीचे तिन्ही वर्ग बंद करायचे आणि तोवर अंगणात भिंत घालायची, अशी शिफारस खात्याकडं धाडायची होती. सही तेवढी बाकी होती. बसण्णा माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाला, "मराठी ही आता घरातली भाषा हाय, जोशी मास्तर. घरातली वस्तू घरात शोभती." माझंच वाक्य माझ्यापुढं ठेवलं होतं. माझ्या वर्गातली पोरं खिडकीतून बघत होती.

शेगडी मास्तर अंगणाच्या कोपऱ्यातून उठले. "बसण्णा, सही कर. पण आधी ह्यांचं म्हणणं तू सांग. ह्यांची मान डोलू दे."

"मास्तर, आता मी काय पोरगा हाव का?"

"पोरगा असतास तर सांगितलं नसतं, छडी घेतली असती."

बसण्णानं सुस्कारा सोडला. "ह्यांना वाटतंय मराठी लई मोठी." माझी मान हलली नाही. "ह्यांना मुंबईला जायचं हुतं." तरीही नाही. मग त्यानं पागोट्याची किनार चाचपली. बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. "माझी सून निलंग्याची. नातवाला मराठीत निजवती. उद्या तो साळंत आला की त्याला सांगणार, आईचं बोलणं घरी ठिवून ये. मग त्या लेकराला वाटंल, आपली आईच येडी हाय."

माझी मान आपोआप खाली गेली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायलाही ती बरी पडली.

"आता तुमी," मास्तर मला म्हणाले. "बसण्णाचं सांगा."

मी दोनदा अडखळलो. मग म्हणालो, "निजामाच्या काळात या शाळेत कानडीचं एक अक्षर नव्हतं. चावडीवर उर्दू, बाजारात मराठी. कानडी माणसानं उंबऱ्याबाहेर पाय टाकला की आपली जीभ आत ठेवून यायची. पुढं स्वराज्य आलं, त्याला वाटलं आता तरी बोलता येईल. तर उदगीरहून आलेला एक मास्तर भर बाजारात म्हणाला, तुमचं घरातच ठेवा. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या."

बसण्णा माझ्याकडं एकटक बघत होता. त्याची मान सावकाश डोलली. "आता सरी, आता बराबर," तो म्हणाला, आणि शिफारशीचा कागद घडी करून त्यानं खिशात घातला. वर्ग राहिले. भिंतीसाठी आणलेल्या दगडांचा लिंबाला पार बांधला.

तरीही नोकरीसाठी मी मुंबई राज्य मागून घेतलं. घर उदगीरला, म्हातारे वडील तिकडे, हे कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. त्या बाजारातून जाताना मला माझं वाक्य ऐकू येई. निघण्याच्या सकाळी मास्तर मोटारीच्या अड्ड्यावर आले. फडक्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. मी विचारलं, "मास्तर, सहा वर्षं तुम्ही सगळ्यांच्या बाजू मांडून घेतल्या. तुमची कोणती होती?"

"तुमीच मांडा की," ते म्हणाले. त्यांनी हनुवटी छातीला टेकवली.

"आईसाठी मैसूर हवं होतं." मान हलली नाही. "मग बायकोसाठी मुंबई." तीही नाही. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी घाईनं म्हणालो, "हैदराबाद राज्य मोडायलाच नको होतं."

"जवळ आलाव," ते म्हणाले. "पर बराबर न्हाई. लिहून कळवा." मोटार निघाली तेव्हा ते टोपी काढून उभे होते. त्यांच्या डोक्यावर एवढे पांढरे केस होते हे मला तोवर माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

मी उदगीरहून तीन पत्रं लिहिली. दर पत्रात त्यांची बाजू वेगळी मांडली. दर वेळी कार्डावर त्यांच्या सुंदर अक्षरात उत्तर येई, "अजून नाही." चौथ्या पत्राला मला फार दिवस लागले. पुढं माझं लग्न झालं. बायको बीदरकडची, तिचं माहेर मैसुरात राहिलेलं. तिची आई आजारी पडली, तेव्हा ती आईशी कानडीत बोलायला सरहद्द ओलांडून गेली, आणि मी तेव्हा लिहायला बसलो. लिहिलं ते एवढंच: "तुम्हाला कुठलंही राज्य चाललं असतं. आईशी बोलायला आणि बायकोशी भांडायला मधे सरहद्द लागू नये, एवढंच तुमचं म्हणणं होतं."

या पत्राला मास्तरांचं कार्ड आलं नाही. महिन्यानं बसण्णाचं पाकीट आलं. बसण्णानं जन्मात कधी मराठी लिहिली नव्हती. अक्षरं वाकडी, काने-मात्रे कुठंच्या कुठं. त्यानं लिहिलं होतं, मास्तर गेले. शेवटचे आठ दिवस बोलणं बंद होतं, डोळे मिटलेले. "तुमचं पत्र आलं ते मी उशाशी बसून मोठ्यानं वाचलं. त्यांची हनुवटी छातीला लागलेली होती. वाचून झाल्यावर मी नीट बघितलं. मान डोलली."