कपितान आबोच्या घराच्या सहा पायऱ्या

जो माणूस हवेत उडू शकतो, त्याच्या घराला जिना कशासाठी लागतो? हा प्रश्न मांग क्लेतोंनी २०२२ च्या सप्टेंबरात मला विचारला, आणि आमच्या त्रैमासिकाचा संपादक असूनही मला त्याचे उत्तर देता आले नाही. हे त्रैमासिक म्हणजे बातांगास प्रांतातल्या लिपा शहराच्या ठोकळे-मंडळाचे सोळा पानी, झेरॉक्स केलेले मुखपत्र. मंडळाचे अडतीस सभासद पूर्ण वाढ झालेले, मतदानाचा हक्क असलेले नागरिक असून ते दर रविवारी सकाळी एका लोमीच्या खानावळीत जमतात, दाट रश्श्यातल्या जाड शेवया ओरपतात आणि प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या संचांविषयी अशा गांभीर्याने बोलतात, की बाजूच्या टेबलावरचे ट्रकचालक आम्हाला एखाद्या पंथाचे लोक समजतात.

या पंथाचे सर्वोच्च न्यायपीठ म्हणजे आनाक्लेतो मारालित, अर्थात मांग क्लेतो; ‘मांग’ हे आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी मानाने लावतात. एक्केचाळीस वर्षे त्यांनी सुतारांच्या टोळीचे नेतृत्व केले आणि बातांगासच्या निम्म्या गावांत त्यांचे जिने आहेत. २०१४ साली ते एका डुक्करगोठ्याच्या छपरावरून घसरले, पाठ गेली, आणि डॉक्टरांनी शिड्यांना मनाई केली. मनाई पाळण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणून जेद्दाहला परिचारिका असलेल्या त्यांच्या मुलीने घरी पाठवलेल्या पेटीत, साबण आणि डबाबंद मांसाच्या मधोमध, घट्ट विजार घातलेल्या एका परदेशी महावीराचा छोटा संच ठेवला. हेतू एवढाच, की वडिलांनी चार दिवस खाली बसावे. वडिलांनी तो एका दुपारी रचला आणि सूचनापुस्तिकेच्या कोऱ्या पानावर बांधकामातल्या दोषांची यादी लिहून तिला परत पाठवली. तिने तिचा फोटो मला पाठवला. मांग क्लेतोंचे पहिले परीक्षण ते हेच.

त्यांची पद्धत सोपी होती. महावीरांविषयी त्यांना काडीचा आदर नव्हता. त्यांचा आदर फक्त बांधकामाला होता. ते गुणांऐवजी खिळे देत, दहापैकी. एका संचाविषयी त्यांनी लिहिले: “गुप्त तळाला संडास नाही. जगाला वाचवणारा माणूस सकाळी नेमका कुठे जातो, याचा खुलासा व्हावा. चार खिळे.” दुसऱ्याविषयी: “खलनायकाचा मनोरा नायकाच्या वाड्यापेक्षा भक्कम आहे. भाड्याने राहायचे झाल्यास खलनायकाकडे राहावे. नायकाला पाच, खलनायकाला आठ.” एकदा दिलेले खिळे त्यांनी कधीही उपटले नाहीत. गावोगावच्या आज्या नातवंडांसाठी खेळणे घेण्यापूर्वी आमच्या अंकाची घडी पिशवीतून काढू लागल्या, तेव्हा या न्यायपीठाचा अधिकार किती दूरवर पोहोचला आहे हे आम्हाला कळले.

रोवेना मागसिनोचा सगळा घोर या अधिकाराशीच बांधलेला होता. रोवेना ही मांग क्लेतोंची धर्मकन्या. तिच्या बाप्तिस्म्याला ते निनोंग, म्हणजे धर्मपिता, म्हणून उभे होते. कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत सात वर्षे दातांचे साचे ओतल्यावर तिने नोकरी सोडली आणि स्वतःचा पहिला संच काढला. त्याचे नाव ‘कपितान आबो’. आबो म्हणजे राख. ज्वालामुखीची राख अंगावर पडल्यामुळे उडण्याची शक्ती आलेला हा लिपाचा महावीर. पाठीवर करडी झूल आणि तोंडात जगातले सर्वांत निर्दोष प्लास्टिकचे दात. सोबत कॉफीची किटली धरलेली त्याची आई, आणि खांबांवर उभे असलेले, पत्र्याच्या छपराचे त्यांचे घर. एकूण एकशे बारा तुकडे. दोनशे खोकी तिने स्वतःच्या हाताने भरून, चिकटपट्टी लावून खाटेवर रचली होती आणि उरलेल्या अर्ध्या खाटेवर ती कुशीवर झोपत होती.

आमच्याकडे नाताळची विक्री सप्टेंबरातच सुरू होते. बातांगास शहरातल्या खेळण्यांच्या मोठ्या दुकानाच्या मालकीणबाई लुर्देस उय यांनी तिला स्पष्ट सांगितले होते: “बाई, नाताळची मांडणी मी सोमवारी लावतेय. माझं गिऱ्हाईक म्हणजे आज्या, आणि आज्या त्या म्हाताऱ्याचं वाचतात. सात खिळे आण, पुढची फळी तुझी. सहा आणलेस तर खोक्यांवर झोप.”

मी मांग क्लेतोंना सुचवले, की नाते आहे, तर हे परीक्षण दुसऱ्या कोणी करावे.

“प्रोफेसर,” ते मला म्हणाले, “या गावात मी कुणाचा निनोंग नाही ते आधी सांगा. मग परीक्षण काय कुत्र्याकडून करून घेणार?”

आमच्या मंडळाचा एक नियम आहे. परीक्षण झेरॉक्सला जाण्यापूर्वी खानावळीत मोठ्याने वाचले जाते, आणि संच करणाऱ्याला एकदाच, फक्त एकदाच, उत्तर देण्याची मुभा असते. त्या रविवारी मांग क्लेतोंनी चष्मा चढवला, शेवयांचा वाडगा बाजूला सारला आणि वाचायला सुरुवात केली.

“‘ठोकळ्यांची पकड उत्तम. दार आतल्या बाजूला उघडते, म्हणजे रचणाऱ्याला अक्कल आहे. नायकाची झूल बिजागरीत अडकते. पण झूल घालून घरकाम करणाऱ्याची ही शिक्षा समजावी.’” लोक हसले. रोवेना हसली नाही; ती पुढच्या पानाकडे बघत होती. “‘आता जिना. जो उडतो त्याला जिना कशाला, हे मी विचारत नाही. संपादकांना विचारले, त्यांनाही ठाऊक नाही. पण जिना आहे, आणि त्याला सहा पायऱ्या आहेत. सोने, चांदी, मरण. सोने, चांदी, मरण. शेवटचे पाऊल मरणावर पडते. माझ्या टोळीतल्या पोरानेही असा जिना कधी लावला नाही. ज्या सुताराच्या जिन्यावरून ही नक्कल केली असेल, त्याने आपली करवत बोकडाला द्यावी आणि स्वतः गवत खावे. चार खिळे.’”

खानावळीतले सगळे बोटांवर पायऱ्या मोजू लागले. आमच्यात बरेच जण शिकलेले आहेत. पायऱ्यांची मोजणी ही अंधश्रद्धा आहे असे त्यांतला प्रत्येक जण सांगेल, आणि प्रत्येकाच्या घरचा जिना सोन्यावर किंवा चांदीवर संपतो.

रोवेना उभी राहिली. 

“निनोंग, जिना कपितानसाठी नाहीच. तो उडतो. जिना त्याच्या आईसाठी आहे, तिला उडता येत नाही.”

“मग आईला मरणावर चढवतेस होय?”

“माझं एकच उत्तर आहे, ते पुरं करू द्या. ते घर आमचं आहे. मोजपट्टी लावून, तंतोतंत. तो जिना तुम्ही बांधलाय.”

मागच्या टेबलावरचा एक ट्रकचालक मोठ्याने म्हणाला, “बोकड मागवा रे कुणीतरी!”

मांग क्लेतोंचा चेहरा आधी लाल, मग पांढरा झाला. “एक्क्याण्णव साली बांधला. मी आयुष्यात सहाचा जिना बांधलेला नाही.”

“मग चला. मोजा.”

तीन तीनचाकी रिक्षा भरून आम्ही मागसिनोंच्या घरी गेलो. गेली आठ वर्षे पाठीमुळे मांग क्लेतो या घरी आले की खालीच, खांबांमधल्या सावलीत बसत; वर कधी जात नसत. त्याआधीही त्यांनी हा जिना पुन्हा मोजला नव्हता. स्वतःची मुले माणूस रोज मोजत नाही, असे त्याचे समर्थन ते नंतर करत. आता ते कमरेवर हात ठेवून जिन्यासमोर उभे राहिले आणि काठीने एकेका पायरीला स्पर्श करत पुटपुटले. सोने, चांदी, मरण. सोने, चांदी, मरण. काठी वरच्या पायरीवरच थांबली.

वरून रोवेनाची आई, आलिंग इसिंग (‘आलिंग’ म्हणजे बायकांसाठीचे ‘मांग’), कठड्यावर रेलून सगळे पाहत होती. मुलीचा धर्मपिता आणि तिची आई, म्हणून दोघांचे नाते कुमपारे-कुमारेचे, त्यामुळे तिला भीड म्हणून नव्हती.

“काय हो कुमपारे, इतकी वरात कशाला? जेवायला आलात तर भात एवढाच आहे.”

“कुमारे, तुझ्या जिन्याला सहा पायऱ्या आहेत.”

“हो का? म्हणजे इतकी वर्षं मी रोज मरणावर चढतेय! तरी म्हटलं गुडघे का दुखतात. आणि त्याबद्दल तुम्हाला माझ्या नवऱ्याने अख्खं डुक्कर भाजून घातलं होतं!”

मांग क्लेतोंनी काठी खांबाला टेकवली. ते वाकता येत नसताना वाकले, आणि जिन्याच्या तळाशी त्यांनी अंगण बोटांनी चाचपले. मग विचारले, “हे सिमेंट कधी केलंत?”

“दोन हजार पाच साली. थोरल्याच्या लग्नात. रस्ता दर निवडणुकीला उंच होतो, पाणी सगळं आत येतं. भर घालून अंगण वर घेतलं.”

“पहार आण.”

“माझं अंगण फोडणार? पाहुण्यांसमोर?”

“पाहुणे याचसाठी आलेत. पहार आण, इसिंग!”

पहार त्यांनी स्वतः चालवली नाही, मंडळाचे खजिनदार असलेल्या दंतवैद्याने चालवली. मांग क्लेतो त्याला इतक्या शिव्या देत होते, की काम निम्म्या वेळात झाले. चिपा उडाल्या, खाली रेती लागली, आणि रेतीखाली, ओल खाऊन काळी पडलेली, पण कोपरा अजून गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, असलेली एक फळी दिसली. ती सातवी पायरी होती. मांग क्लेतोंनी तिच्यावरची माती तळहाताने पुसली. “सोनं,” ते म्हणाले, आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी नाक शिंकरले. ते रडले असे म्हणणाऱ्यांना त्यांनी नंतर सिमेंटच्या धुळीचा दाखला दिला.

सुताराची अब्रू वाचली. संच मात्र होता तिथेच होता. रोवेना फुटलेल्या अंगणाच्या कडेला बसली होती.

“तुमची सातवी सापडली, निनोंग. माझ्या दोनशे खोक्यांत सहाच आहेत. ती उद्या सकाळपर्यंत मी कशी फोडू?”

“खोटे खिळे मी देणार नाही,” मांग क्लेतो म्हणाले. “ज्या जिन्याचा शेवट मरणावर होतो, तो मी कुणाच्या नातवाला घ्यायला सांगणार नाही. तू असलीस तरी नाही.”

“मी मागितलेत का खोटे?”

“नाही. म्हणून तर बसलोय.” त्यांनी काठीने चिपा ढकलल्या. मग एकदम विचारले, “संच रचून झाल्यावर माझ्याकडे तीन तुकडे उरले. ते काय होतं?”

“जादाचे. बारीक तुकडे हरवतात, म्हणून सगळेच कारागीर प्रत्येक बारीक प्रकाराचा एकेक जास्त टाकतात. एक डोळा, एक किटलीचं झाकण, आणि...” ती थांबली. “आणि एक पायरीची पट्टी.”

“प्रत्येक खोक्यात?”

“प्रत्येक.”

संच आलिंग इसिंगच्या जेवणाच्या टेबलावर आणला गेला. उरलेली पट्टी जिन्याच्या तळाशी लावून काहीच साधत नव्हते. पहिली पायरी फक्त रुंद व्हायची. मांग क्लेतोंनी ती वर नेली आणि दाराच्या चौकटीत, उंबऱ्याच्या जागी दाबली. टक् असा आवाज झाला. जिन्यावरून शेवटचे पाऊल आता सातव्या जागी, सोन्यावर पडत होते. रोवेनाने नखाने दार ढकलले. ते आत उघडत असल्यामुळे उंबऱ्याला लागले नाही. तिने आईची बाहुली हातात घेऊन एकेक पायरी चढवली आणि घरात नेऊन ठेवली.

“किटली आत जाते का बघ,” आलिंग इसिंग म्हणाली. “नाहीतर बाहेरच थंड होईल.”

किटली गेली.

मांग क्लेतोंनी तिथेच, भातावर बसणाऱ्या माश्या हाकलत, परीक्षणाचा शेवट नव्याने लिहिला. तो छापील अंकात असा आहे: “या संचात एक पट्टी जादा उरते. ती टाकू नये. ती दाराचा उंबरा आहे. संच करणाऱ्या मुलीने हे पुस्तिकेत लिहिलेले नाही, म्हणून एक खिळा कमी. झुलीसाठी एक कमी. आणि मूळ जिना बांधणाऱ्या सुताराने जमीन कधी वर येईल याचा विचार केला नाही, म्हणून एक कमी. तो सुतार मी आहे. सात खिळे. बोकडाविषयीचे वाक्य मागे घेत नाही.”

लुर्देस उय यांनी सोमवारी दुपारी, उभ्याउभ्याच, तो मजकूर दोनदा वाचला. मग स्वतःच्या हाताने एक संच रचला, पट्टी उंबऱ्यावर बसवली, पायऱ्या ओठांत मोजल्या आणि नोकराला पुढची फळी रिकामी करायला सांगितली. रोवेना त्या रात्री खाटेवर पालथी, हातपाय पसरून झोपली, असे तिच्या आईने सगळ्या गल्लीला सांगितले.

रोवेनाचा दुसरा संच, ‘कपितान आबोचा कोंबडीबाजार’, ९ डिसेंबर २०२३ रोजी विक्रीला आला. खोक्यावर सुतारकामाचे सल्लागार म्हणून आनाक्लेतो मारालित यांचे नाव होते, त्यामुळे आमच्या अंकात त्याचे परीक्षण दंतवैद्याने केले.