निगेटिव्हरावांच्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञाला आम्ही निगेटिव्हराव म्हणतो, तेही तोंडावर. किडनी बसवण्याआधी आम्ही रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्तातलं वरचं पिवळसर पाणी, दात्याच्या पेशींवर घालून बघतो. पेशी मेल्या की रंग शोषून काळ्या पडतात आणि सगळं बारगळतं. जगल्या तर चकाकत राहतात. तुलनेला कुणाशीच न भांडणारं एक 'निगेटिव्ह' सीरम लागतं, ते गेली अठरा वर्षं या माणसाचं. माणूस मात्र फ्रिजचं दार जोरात लावलं तरी भांडतो!

यंदा त्यांच्या धाकट्या बहिणीला किडनी हवी होती आणि द्यायला हेच निघाले. बाकीच्या तपासण्या जुळल्या, ही शेवटची उरली. "यांचं रक्त कुणाशी भांडतंय थोडंच! काम फत्ते," असं म्हणून आम्ही पार्टीसुद्धा ठरवली.

"अक्कल गहाण ठेवलीत का?" ते कडाडले. "इथे पेशी माझ्या, सीरम तिचं! दोन बाळंतपणं झालीत तिची. त्यात परक्या पेशींवर धावून जाणारं काय काय तयार होतं रक्तात. आणि माझ्यावर तर ती जन्मल्यापासून धावून येते."

आमची तोंडं बघण्यासारखी झाली. रोज हेच काम करणारी आम्ही शहाणी माणसं!

घरच्यांची तपासणी स्वतः करायची नाही, हा नियम त्यांनीच घातलेला. म्हणून ते काचेच्या दाराबाहेर आणि सूक्ष्मदर्शकाशी मी.

"नीट बघ गं," दार किलकिलं करून हुकूम.

"दार लावा आधी!" मी ओरडले.

त्यांनी निमूट लावलं. तेव्हा मला कळलं, हा माणूस घाबरलाय. मी डोळे सूक्ष्मदर्शकाला लावले.

प्लेटच्या पहिल्या खळग्यात चकाकत्या पेशी. दुसऱ्यात, तिसऱ्यात, सगळ्यांत! ज्या तुलनेच्या खळग्यात पेशी मरायलाच हव्यात, तिथे तेवढा काळोख, म्हणजे तपासणीही खरी. आमच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी पुन्हा सगळं बघितलं आणि मान डोलावली. मी खुर्चीसकट तीन गिरक्या घेतल्या.

निगेटिव्हरावांनी तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला, स्पीकरवर.

"जुळलं गं."

पलीकडून हुंदके. मग, "नको रे दादा. आयुष्यभर ऐकवशील मला."

"ऐकवणारच!" ते रडत रडत ओरडले. "पण ऐकायला तू हवीस ना, गाढवे!"