हळू आवाजात चिडणाऱ्या शैलाताई

शैलाताई चिडल्या की आदराने बोलायच्या. एरवी सगळ्या जगाशी अरे-तुरे. पारा चढायला लागला की 'तुम्ही', आणि 'आपण' ऐकू आलं की शहाण्याने आपल्या चपला शोधाव्यात. ठाण्याच्या नौपाड्यात एकदा मीटर न पाडणाऱ्या रिक्षावाल्याला त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "आपण मीटर पाडता, की आपण मागे बसता आणि मी चालवू?" त्याने मीटर पाडलं. उतरताना बिचारा नमस्कारही करून गेला.

आता त्या नाहीत, आणि त्यांच्या डोंबिवलीत इतकं देखणं चिडणारं दुसरं कोणी मला अजून भेटलेलं नाही. त्यांची नोकरी टेलिफोन खात्यात झाली. बाकी सगळं आयुष्य ऑर्केस्ट्रात गिटार वाजवण्यात गेलं, तेही गायकांच्या मागे, अर्ध्या अंधारात. मी आमच्या हौशी ग्रुपचा निवेदक. 'ठाण्यातले सर्वांत जास्त बोलणारे गृहस्थ' अशी त्या माझी ओळख करून द्यायच्या. आम्ही नौपाड्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये फक्त त्यांच्या गिटारचा कार्यक्रम ठरवला, तेव्हा त्या पासष्टीला आल्या होत्या. पहिल्यांदाच रंगमंचाच्या पुढच्या बाजूला त्यांची खुर्ची लागणार होती.

"निवेदक, त्या दिवशी मी वाजवेन. तू मधे मधे श्वास घे," एवढीच त्यांची अट.

वाजवणार त्या स्वतःच्या ॲम्पवर, म्हणजे ॲम्प्लिफायरवर. तो जुन्या पद्धतीचा, आत काचेच्या ट्यूब असलेला. स्पीकरची पेटी वेगळी, दोघांना जोडणारी एक जाड वायर. त्यातून गिटार अशी यायची, की घसा बसलेला माणूस खरं बोलतोय असं वाटावं. दुसऱ्या कशावर वाजवायला त्या तयार नव्हत्या. तो आवाज कमवायलाच त्यांची सगळी वर्षं गेली होती.

आमचा दुसरा गिटारवाला पराग, घोडबंदर रोडचा, आयटीतला. त्याच्याकडे पायाने दाबायची पेडल्स होती. एक बूस्ट, म्हणजे आवाज फुगवणारं. दुसरं ओव्हरड्राइव्ह, आवाजाला खरखर आणणारं. ती ताईंच्या ॲम्पला लावून बघायची त्याला भारी हौस. ताईंनी परवानगी दिली, पण आधी पाठ घेतला.

"ॲम्पचा आवाज आधी खाली आण, मगच पाय दे. दोन्ही एकदम दाबू नकोस, माझा स्पीकर म्हातारा आहे. आणि ॲम्प चालू असताना स्पीकरची वायर काढायची नाही. घराला आग लागली तरी आधी ॲम्प बंद, मग वायर."

"ताई, लोड नका घेऊ."

"अरे, ओरडायला आवाजाचं बटण आहे. पेडल असतं हळू आवाजात चिडायला."

मी माझ्याकडे पाहिलं जाऊ नये म्हणून छताकडे पाहिलं. हळू आवाजात चिडणं म्हणजे काय, हे आमच्यात सगळ्यांत जास्त मला ठाऊक होतं.

कार्यक्रमाला पंधरवडा उरला असताना त्यांच्या घरी तालीम होती. ताई चहा टाकायला आत गेल्या आणि परागने दोन्ही पेडल्स एकदम दाबून तारा छेडल्या. शोकेसमधल्या कपबश्या थरथरल्या. लगेच बेल. वरच्या मजल्यावरचे काका लुंगीवर दारात उभे. पराग गडबडला. कुठलं बटण फिरवावं सुचेना, म्हणून त्याने सरळ स्पीकरची वायर उपटली. शांतता. "बघा काका, बंद," म्हणत त्याने पुरावा म्हणून आणखी दोनदा जोरात तारा झोडल्या.

ॲम्पच्या आत टक् असं वाजलं. मग जळक्या वार्निशचा वास आला. काका वास घेतच जिना चढून गेले.

ताई गाळणं हातात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी वास घेतला, लोंबणारी वायर पाहिली, ॲम्प बंद केला.

"आपण काय केलंत, परागजी?"

'जी' मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्या चपला दाराशी होत्या, मध्ये ताई होत्या.

"सॉरी ताई. पण मशीनच आहे ना. लोड नका घेऊ."

"आपण ज्याला लोड म्हणता ना, तो म्हणजे स्पीकर. या ॲम्पला तो घ्यावाच लागतो. नाही घेतला तर सगळी ताकद आतल्या आत फिरून ट्रान्सफॉर्मर जाळते. मीही लोड घेते. म्हणून अजून जळले नाही."

"कार्यक्रमाला माझा डिजिटल घ्या. त्यात सेम तुमचा आवाज येतो."

"माझा आवाज आपल्याकडे कधीपासून असतो?"

दुसऱ्या दिवशी परागने तो धोंड्यासारखा जड ॲम्प मांडीवर घेऊन रिक्षाने एमआयडीसी गाठली. तिथे ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग करून देणारे होते. ताई शेजारी बसून खड्ड्याखड्ड्याला म्हणत होत्या, "सावकाश. आपल्या मांडीवर माझा कार्यक्रम आहे."

ॲम्प कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मिळाला. वाइंडिंगवाल्यांनी बजावलं होतं, सध्या आवाज अर्ध्याच्या वर नेऊ नका.

हॉल भरला. मी चक्क चार वाक्यांत निवेदन संपवलं. साउंडवाल्याने स्पीकरसमोर माइक लावला, त्यातून शिट्टी यायला लागली, त्याने तो बंद केला. आता ताईंकडे फक्त स्वतःचा अर्धा आवाज होता. त्यांनी सुरुवात केली. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "आवाज वाढवा." मग आणखी दोघे. विंगेतून पराग हातवारे करत होता, बूस्ट दाबा, बूस्ट दाबा. पेडल त्यांच्या पायाशीच होतं.

ताईंनी तारांवर तळवा ठेवला, पाय मागे घेतला आणि माझ्यासमोरचा माइक ओढून घेतला.

"आवाज वाढणार नाही. आपल्याला ऐकायचं असेल तर आपण पुढे यावं."

मग मागच्या रांगेतले एक आजोबा उठले, त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि पहिल्या रांगेच्याही पुढे आणून ठेवली. त्यांच्यामागून सगळा हॉल खुर्च्या घेऊन निघाला. शेवटची खुर्ची टेकेपर्यंत शैलाताई थांबल्या. मग, पुढच्या आजोबांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, त्यांनी पहिल्यापासून वाजवायला सुरुवात केली.