मामाजींचा बीपी आणि शेरूची ड्युटी

आमच्या सासुरवाडीत जावयाचं बोलणं कोणी खोडत नाही, आणि म्हणूनच त्या दिवशी कुत्रा दवाखान्यात पोचला.

दवनीवाड्याला धान कापताना माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या तळहाताला विळा लागला. गोंदियाच्या दवाखान्यात इमर्जन्सीत नेलं. पण टाक्यांची सुई दिसताच मामाजींचा बीपी असा चढला की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, शांत व्हा. बीपी उतरला नाही तर नागपूरला पाठवावं लागेल."

नागपूर ऐकताच तो आणखी चढला! "नागपूरले नाई जात बापा मी! तिकडं नेलेला आमच्या गावचा माणूस पायानं वापस नाई आला!" माझा जीव कळवळला आणि मी तोंड उघडलं. (तेव्हाच कोणीतरी त्यात पेढा कोंबायला हवा होता.)

"परदेशात इमर्जन्सीत कुत्रे आणतात. पेशंट कुरवाळतो, भीती पळते. मोबाईलवर पाहिलंय मी. आपला शेरू आणतो!"

(ते कुत्रे शिकवलेले असतात, हे व्हिडिओच्या शेवटी होतं म्हणे. मी तिथवर पोचलोच नव्हतो.)

"अहो, साखरपुड्यापासून थो तुमाले पाहून गुरगुरते!" माझी बायको सुनंदा म्हणाली. सासूबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. "चूप राय! जवाईबापू म्हणून राहिले ना!"

झालं! गावी जाऊन शेरूला बिस्किटं चारत धानाच्या बोऱ्यात, म्हणजे पोत्यात बसवलं, मुंडकं तेवढं बाहेर ठेवलं आणि मोटारसायकलच्या टाकीवर घेऊन निघालो. दारावर गार्डनं अडवलं.

"ओ भैया, कुत्ता किधर?"

"इलाज के लिए!"

"कुत्ते के?"

"नहीं, ससुरजी के!"

तो विचारात पडला, तेवढ्यात मी आत. बोरा सोडला आणि मग समोरचं बाक पाहिलं. त्यावरची सगळी मंडळी कुत्रा चावल्याचं इंजेक्शन घ्यायला आली होती!

"बाप्पा! इथंबी आला!" म्हणत एक काकू स्ट्रेचरवर चढल्या. त्यावर आधीच एक पेशंट होता! दुसऱ्या बाई किंचाळल्या, "हाच होय थो!" (साफ खोटं. शेरू गोंदिया पहिल्यांदाच पाहत होता.)

बिचारा घाबरून मामाजींच्या खाटेखाली घुसला. मी वाकून त्याला शोधू लागलो. तो मागून निघाला आणि साखरपुड्यापासूनचा सगळा राग त्यानं माझ्या बसायच्या जागेवर काढला!

"आई गं!"

मग मामाजी खुदकन हसले, आणि हसतच सुटले. "जवाईबापू... पळाली ना जी भीती!" डोळ्यांतून पाणी. डॉक्टरीणबाई संतापल्या होत्या, तरी त्यांनी बीपी मोजला. उतरला होता! मामाजी हसत होते तोवरच डॉक्टरीणबाईंनी टाके घालून घेतले. नागपूर टळलं.

मी इंजेक्शनच्या लायनीत लागलो. काकूंनी सरकून जागा केली. "बसा जी." मी म्हटलं, "नको, उभाच बरा."

निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "टाके काढायला याल तेव्हा कुत्रा आणू नका."

मामाजी म्हणाले, "कुत्रा कायले लागते बाई? जवाईबापूले आणतो ना!"